गरोदरपणी काय खाल्लं?

“पालेभाजी?” आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

“नाही.”

“फळं?”

“नाही.”

“मग सातव्या महिन्यात खात काय होतात तुम्ही?”

“बिस्किटं,” ती म्हणाली. “वेफर्स. आणि थंड पेयाच्या बाटल्या. दिवसाला दोन.”

आहारतज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. आईनं गरोदरपणी काय खाल्लं, मुलाच्या आतड्यात कोणते जिवाणू रुजले आणि मेंदूची वाढ कशी झाली, याची सांगड घालण्याचं काम त्या सहा वर्षं करत होत्या. तेवढ्या काळात चारशे आया समोर बसून गेल्या. दूध, फळं आणि पालेभाजी यांखेरीज एकीनंही काही खाल्लेलं नव्हतं. त्यातून सासू शेजारी बसलेली असली, की पालेभाजी दिवसातून दोनदा व्हायची.

आजही शेजारी एक म्हातारी होती. पिशवीचे बंद पिळत गप्प बसलेली. ही बाई मात्र तिच्या देखत धडाधड खरं सांगत होती. मांडीवरचं पोर साडेतीन वर्षांचं, आणि अजून चार शब्दांपुढे सरकलं नव्हतं.

अखेर एक खरं बोलणारी भेटली, म्हणून आहारतज्ज्ञांना आनंद झाला. तो त्यांनी तिला फैलावर घेऊन साजरा केला.

“शिकलेल्या दिसता. पोटातल्या जिवाचा विचार नको करायला? आई जे खाते ते बाळाच्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतं. मेंदूवरही परिणाम होऊ शकतो. नऊ महिने जिभेचे चोचले आवरत नाहीत?”

“चुकलं माझं.”

“घरात कुणी अडवलं नाही?”

म्हातारीनं मान वर केली.

“आई अडवायच्या,” ती घाईघाईनं म्हणाली. “मीच ऐकलं नाही.”

तेवढ्यात पोरानं आपल्या चार शब्दांपैकी एक उच्चारला. “शी.”

तपासणीला नमुना हवाच होता. आहारतज्ज्ञांनी झाकणाची डबी पुढे केली. ती एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन पळाली.

खोलीत दोघीच उरल्या.

“तिला बोलू नका हो,” म्हातारी म्हणाली. “अडवलं कुठलं! मीच आणून द्यायचे. शेवटपर्यंत उलट्या. पोटात दुसरं काही टिकेचना. म्हटलं, उपाशी राहण्यापेक्षा काहीतरी जाऊ दे. बिस्किटं काय, बाटल्या काय, सगळं माझ्या हातानं. पोर बोलेना, तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. एकदा हिच्यापाशी रडले मी. त्या दिवसापासून ही कुठेही मला तोंड उघडू देत नाही.”

आहारतज्ज्ञांचा आवाज जरा मऊ झाला. “सासूबाई, तुमची माया कळते मला. पण दिलं तुम्ही, तरी खाल्लं तिनंच ना?”

“मी सासू नाही तिची.” म्हातारीनं एकदा दाराकडे बघून घेतलं. “ते सगळं खाल्लं माझ्या लेकीनं. ती बाळंतपणात गेली. ही जावयाच्या घरात आली त्यानंतर दोन वर्षांनी. हिनं खाल्ली ती फक्त तुमची बोलणी, आणि तीही माझ्या वाट्याची.”