मास्तरांचा 'स'

इलिंका पिंपावर चढली तशी गुहेतली कुजबुज थांबली.

पांढऱ्या दगडात कोरलेली, वाइन मुरवायची ती गुहा. वर्षातून एका रविवारी गावचे चीजवाले तिथे जमत आणि नव्या माणसाला मंडळीचा झगा देत. झगा अंगावर आला की तुमचं चीज मंडळीच्या टेबलावर. नाही आला तर बाजारात बटाटेवाल्याच्या मागे, जिथे गिऱ्हाईक फक्त वाट चुकलं तर येतं. अट एकच होती. शपथ तोंडपाठ हवी, आणि गाव ज्या प्रांतातलं, त्या तूरेनच्या अस्सल फ्रेंचमध्ये हवी. गेल्या वर्षी पहिल्याच ओळीत इलिंकाची जीभ घसरली होती. रुमानियाची धनगरीण ती. मागून कोणीतरी बोललंही होतं, की बाईपेक्षा बाईच्या शेळ्या बऱ्या बोलतात.

यंदा मात्र ती हसत उभी होती, कारण हिवाळाभर तिने आन्सेल्म मास्तरांकडे शिकवणी घेतली होती. मास्तर पुढच्याच बाकावर बसले होते. त्यांचा समोरचा एक दात नव्हता. तो कुठे गेला हे ते दर वेळी निराळं सांगत. कधी खेचराची लाथ, कधी पोलादी अक्रोड, कधी एका बिशपशी झालेला वाद. पण जगात शुद्ध फ्रेंच तूरेनचं, तूरेनात या गावचं आणि गावात माझ्या तोंडचं, एवढं मात्र ते कधी बदलत नसत. त्यांना खोटं म्हणणार कोण? गावात ज्याला म्हणून मिशी होती, त्याचा कान मास्तरांनी लहानपणी पिळलेला होता.

शिकवणी गोठ्यात चाले. चीजच्या लांबट वडीत मधोमध खुपसायची गवताची काडी मास्तर तिच्या ओठांत देत. ओठ काडीवर, जीभ 'ई'वर, आता म्हण. काडी पडली की धडा पहिल्यापासून. घशातला 'र' यावा म्हणून पांढऱ्या वाइनच्या गुळण्या. सोबतीला मास्तरही गुळण्या करत, फक्त थुंकत नसत. अक्षरांवरच्या खुणांचं तर त्यांनी तिच्यासाठी गावच करून टाकलं होतं. वर जाणारी रेघ म्हणजे टेकडी, तिथे ओठ ताणून चढायचं. खाली येणारी रेघ म्हणजे तळघर, तिथे जबडा सोडून उतरायचं. डोक्यावर टोपी असली तर अक्षर म्हातारं झालंय, त्याला घाई करायची नाही. आणि पायाशी डुकराचं शेपूट लोंबत असलं तर तिथे 'क' नाही, 'स'. 'स' कसा, तर असा, म्हणून मास्तर स्वतः म्हणून दाखवत.

तो 'स' सगळ्यांत अवघड गेला. इलिंकाचे दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत. जीभ दुमडून, दाताला टेकवून, पुन्हा मागे घेऊन तिने तो महिनाभर घोटला. जमला त्या सकाळी तिचा कुत्रा झोपेतून उठून समोर येऊन बसला. मास्तर म्हणाले, झालं, आता तुला शिकवण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही.

तर आज इलिंका पिंपावरून सगळ्या टेकड्या चढली, सगळी तळघरं उतरली, एकूण एक टोपीपाशी अदबीने थांबली आणि शेवटच्या ओळीवर आली. शेळीशी, शेताशी आणि सोबत्यांशी सदैव सच्ची राहीन.

मंडळीचे प्रमुख ओनोरां झगा घेऊन उठले. तेवढ्यात पाहुण्यांनी बोट वर केलं. पाहुणे पॅरिसचे, रेडिओवर बोलणारे. मंडळीने यंदा हौसेने बोलावलेले.

"बाकी सगळं फारच सुरेख," ते म्हणाले. "पण बाईंच्या 'स'मध्ये शिट्टी वाजते. असला 'स' अख्ख्या फ्रान्समध्ये कुठे नाही."

झगा ओनोरांच्या हातावर अर्धाच उलगडून राहिला. इलिंकाच्या डोळ्यांपुढे बटाटेवाल्याची पाठ उभी राहिली. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे पाहत होते.

ओनोरां न्यायाचा माणूस. शपथेत खोट निघाली तर मंडळीने ती ओळ एकसुरात म्हणून दाखवायची, म्हणजे चुकलेल्याला कळतं कुठे चुकलं, ही तिथली जुनी रीत. त्यांनी हात वर केला. "उठा रे सगळे. शेवटची ओळ. बाईंना ऐकू दे, कशी म्हणतात ती."

मंडळी उठली. टोप्या काढल्या. छात्या भरल्या.

शेळीशी, शेताशी आणि सोबत्यांशी सदैव सच्ची राहीन.

रिकाम्या बाटल्या किणकिणल्या. मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला कलल्या आणि दोन तर विझल्याच. टेकडीपलीकडचे सुद्धा कुत्रे गुहेच्या दारात येऊन रांगेने बसले, हुकमाची वाट पाहत.

मंडळीत कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. ओनोरां पाहुण्यांकडे वळले आणि अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "फरक सांगा, साहेब. आम्हाला तर काही समजला नाही." त्यात जेवढे म्हणून 'स' होते तेवढे वाजले.

पाहुणे वळून दारातले कुत्रे मोजू लागले.

"त्यांना बोल लावू नका," मास्तर छतावरची नजर न काढता म्हणाले. "पॅरिसचा 'स' गर्दीत वापरून वापरून बोथट झालाय. आमच्याकडे अजून धार आहे."

झगा इलिंकाच्या खांद्यावर आला. राखेत लोळवलेली तिची चीजची वडी टेबलाच्या मधोमध गेली, आणि पहिला तुकडा रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना मिळाला. त्यांनी तो खाल्ला. दुसरा मागून घेतला. मधल्या वेळात त्यांचा पेला कोणी रिकामा राहू दिला नाही.

निघताना दाराशी थांबून त्यांनी इलिंकाचा हात हातात घेतला आणि आभार मानले, "मेर्सी."

उंबऱ्यावरच्या कुत्र्याने एक कान उभा केला.