दिवाळखोराचं दान

आमच्या उकंडरावाला वेळकाळ कधी कळलाच न्हाई. लेकीचं लगीन, कन्यादानाची घडी, भटजी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेले, आन् हा बाप हात मागं घेऊन म्हणतो, "माय, मला दान करता येत न्हाई. हिंगोलीच्या कोर्टानं दिवाळखोर ठरवलंय. माझं जे हाय ते समदं कोर्टाचं. मी दिलेलं दान उद्या कोर्ट माघारी घेईल."

भटजी गोंधळून म्हणाले, "कन्यादान हेसुद्धा दानच की." व्याही पाटावरून उठायला लागले. कायदा मला कुठं येतो? घटकाभर मलाबी वाटलं, माझी नात धुरपता खरंच कोर्टाची झाली का काय. मग मी तिच्याकडं नीट बघितलं.

"उकंड्या," मी म्हणलं, "जप्तीवाल्यांनी बैल नेले, गाडी नेली, पितळेचा हंडाबी सोडला न्हाई. ही पोरगी तवा दारातच उभी होती. तिला नुसतं 'बाजूला सरक' म्हणले. लेक मालात येत न्हाई, हे जप्तीवाल्याला कळलं आन् बापाला कळून न्हाई राहिलं. सोड पाणी."