लेसरचा भाव

बायको गेल्याचं नर्सनं सांगितलं तेव्हा केरबा बिलाच्या खिडकीशी, तिच्या जेवणाच्या नळीच्या दरावरून हुज्जत घालत होते.

कॅन्सरच्या उपचारांआधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “काका, रेडिएशननं काकूंचं तोंड येईल. रोज तोंडात सौम्य लेसरचा प्रकाश दिला तर बहुधा टळेल.” जन्मभर गुळाची दलाली केलेल्या केरबांनी निम्मा भाव सांगितला. जमेना, तेव्हा लेसरऐवजी तोंडात लावायला मधाची बाटली आणली.

“अहो, तोंड माझं आहे, गुळाची ढेप नव्हं!” बायको म्हणाली. केरबा आपल्याच हुशारीवर खूश होते.

फोड असे आले की तिला पाणी गिळवेना. नळी घालावी लागली, रेडिएशन दोनदा थांबलं आणि खर्च लेसरच्या तिप्पट झाला. इतका बुडीत सौदा गूळबाजारात कुणी केला नव्हता.

तेराव्यानंतर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “काका, सगळी बिलं द्या, सोबत काय घडलं ते चार ओळींत लिहा. नळी महाग पडते हे हॉस्पिटलच्या विश्वस्तांना पटलं, तर लेसर सर्वांना फुकट देतील.”

“लेसर नको म्हणणारा शहाणा कोण, तेही लिहू?”

“लिहा काका. त्याशिवाय पैशापायी लोक लेसर नाकारतात हे त्यांना कळणार नाही.”

बिलं पिशवीत भरून झाली आहेत. ती एक ओळ केरबांनी अजून लिहिलेली नाही.