गेनूची खाच

रखमाजी गवंड्यानं भिंतीचा गिलावा खरवडला, चार कपच्या काढल्या आणि माडी पेलणाऱ्या लाकडी कडीचं टोक उजेडात आलं. सावळाराम मिस्त्री शिडीवर चढला. आधी त्यानं खाचेत बोट घातलं, मग काटकोन बघायला गुण्या लावला. मग उगाचच पुन्हा बोट घातलं.

खाली रघुवीरपंत मान वर करून उभे होते. भोरच्या कचेरीतला हा कारकून स्वभावानं अगदी गरीब माणूस. लेकीचं, सुलूचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, आणि माजघरात येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागेल असा सहा वर्षांपूर्वीचा टेकू उभा. तो काढता येईल का, कड्या धड आहेत का, एवढंच बघायला त्यांनी मिस्त्रीला बोलावलं होतं.

"खाच फार खोल गेलीय ना?" पंत म्हणाले. "जाऊ द्या मिस्त्री. पोरसवदा होता तुमचा गेनू. आता तर बिचारा राहिलाही नाही. त्याला बोल लावायचा नाही. नवी कडी घाला, झालं."

कडीचं टोक भिंतीतल्या आडव्या लाकडावर नीट बसावं म्हणून खालून खाच घेतात. जाडीच्या चौथाईहून खोल गेलात की कडी बसलीच खाली. सहा वर्षांपूर्वी माडी होऊन महिना झाला नाही तोच ती या भिंतीशी दोन बोटं खचली. खाचा गेनूनं घेतलेल्या. मग चूक दुसऱ्या कुणाची असणार? सावळारामानं वीस वर्षांच्या लेकाला सगळ्यांदेखत मुस्काडीत ठेवून दिली. "हिऱ्यापोटी गारगोटी!" असंही वर म्हणाला. पावसाळा तोंडावर होता. भिंत उघडायच्या भानगडीत न पडता टेकू लावून त्यानं काम मिटवलं. गेनू त्याच आठवड्यात पुण्याला जाऊन पलटणीत भरती झाला. तो ब्रह्मदेशात पडल्याची तार गेल्या साली आली.

आणि खाच तर ही अशी! चौथाई म्हणजे चौथाई. कोपरा असा काटकोनात, की नाव ठेवायला जागा नाही. खुद्द सावळारामानं उभ्या जन्मात अशी खाच घेतली नव्हती.

मग कडी खचली कशानं? त्यानं भिंतीकडं नीट पाहिलं. कडीनं भिंतीत वीतभर तरी शिरावं. ही जेमतेम दोन बोटं टेकली होती. सावळारामाला सगळं आठवलं. हिर्डोशीच्या डोंगरातून आणलेल्या कड्यांत ही एक आखूड निघाली होती. तेवढ्यासाठी पुन्हा डोंगरात कोण जातो? त्यानं स्वतःच ती तशी चढवली, कपच्या ठोकल्या, वरून माती लिंपली. भिंतीतलं कोण बघतंय! चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती त्यानं, आणि हा संन्यासी पोटचा होता.

आता गप्प बसणं किती सोपं होतं. पंतांनी आपणहून वाट करून दिली होती. मेलेला माणूस काही गाऱ्हाणं घेऊन येत नाही, आणि साठीतल्या मिस्त्रीचं गावात नाव राहिलं असतं.

"पंत, म्या गेनूला मारलं त्या दिशी हितं कोन कोन हुतं?"

"मी होतो. हा रखमाजी होता. आमचा ज्ञानू गडी होता, तो वारला. का हो?"

"मग तुमी दोगं तरी ऐका. गेनूची खाच बराबर हाय. कडीच आखूड हुती. म्या घातली ती. म्या!"

रखमाजी हातातली थापी घेऊन तसाच उभा राहिला. "असू द्या मिस्त्री, होतं माणसाच्या हातून," पंत म्हणाले खरे, पण त्याच्याकडं बघून म्हणाले नाहीत.

दुपारची भाकरी घेऊन आलेली फुलाबाई, सावळारामाची बायको, दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पाटी खाली ठेवून ती आत आली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "उतरा खाली."

तो उतरला. जन्मात कधी शिडी न चढलेली ती बाई धरत धरत वर गेली. खाचेवरून तिनं हळूच हात फिरवला, तेल लावताना लेकराच्या टाळूवरून फिरवावा तसा.

"चांगली हाय?" तिनं विचारलं.

"लई चांगली. माज्यापरास चांगली." शिडी धरून उभ्या असलेल्या सावळारामाला रडू आवरेना. "चुकलं गं माजं. लेकराला म्या फुकाट मारलं."

फुलाबाई रडली नाही. तिचा हात खाचेवरच होता.

"ही भित उघडाया किती येळ लागला?"

सावळारामानं खाली पडलेल्या चार कपच्यांकडं पाहिलं.

"घटकाभर," तो म्हणाला.