दोन थापा

राहुरीच्या एका हॉलमध्ये यशया आणि हर्षल नऊ वर्षं रोज सकाळी जोडीने ऐकिडो या जपानी युद्धकलेचा सराव करायचे. पिरगाळलेलं मनगट सोसेनासं झालं, की गादीवर दोन थापा मारायच्या. थापा पडल्या, की समोरच्याने पकड तिथल्या तिथे सोडायची.

उन्हाळ्यात मुळा धरणावर हर्षलचा पाय घसरला. यशयाने काठावरून त्याचं मनगट गच्च धरलं. बुडता बुडता हर्षलचा दुसरा हात यशयाच्या दंडावर दोनदा आपटला, आणि नऊ वर्षांच्या सवयीने यशयाची बोटं उघडली.

त्याला महिना झाला.

"यशया, आता दुसरा जोडीदार घे की," सर म्हणाले.

"नको सर. माझा हाय जोडीदार."

सर गेल्यावर तो रिकाम्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसला. नेहमीसारखं हर्षलचं मनगट धरावं तशी त्याने हवेतच मूठ आवळली आणि खाली दाबली. मुठीत काहीतरी गार, ओलं आलं.

गादीवर दोन थापा पडल्या.

बोटं आपसूक सैल होऊ लागली. यशयाने दात आवळून मूठ आणखी गच्च केली.

"आता न्हाई सोडत, हर्षल," तो हुंदके देत म्हणाला. "आता न्हाई."

पुन्हा दोन थापा पडल्या. पुन्हा दोन. त्यानंतरच्या दोन फारच हळू होत्या.