बुडालेलं व्हायोलिन

सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आज ज्या कमलाकांतचा बोईसरला सत्कार आहे, त्याला मोठा केला तो मी! नवापुरात आम्ही दोघं एकाच मास्तरांकडे व्हायोलिन शिकलो. हात माझा गोड, नशीब मात्र त्याचं. उधाणात होडीच्या टोकावर उभं राहून मारवा वाजवायचं त्याला वेड. पुढे बर्फाच्या डोंगरावर वाजवलं, वाळवंटात वाजवलं, पेपरात फोटो त्याचेच! पण मुंबईतल्या पहिल्या मैफलीच्या आठवडाभर आधी त्याचं व्हायोलिन पेटीसकट समुद्रात गेलं, तेव्हा उडी कोणी मारली? मी! देवमाशाच्या जबड्यातून पेटी ओढून काढली आणि व्हायोलिन बोंबलांशेजारी वाळत घातलं. अजून त्याच्या षड्जाला बोंबलाचा वास येतो. तेव्हा सत्काराची अर्धी शाल माझी!

कमलाकांतची बहीण हंसा समोरच जाळं शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पुंडलिकदादा, पेटी आमच्या बाच्या जाळ्यात आली. तिला दगड बांधलेला होता. आन गाठ तुमच्या हातची हाय, ते बानं तवाच ओळखलं."