नमुना एक्केचाळीस-बी

ज्या पत्राला हणमंतरावांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं, ते आता विनोदिनीबाईंच्या हातात होतं.

सकाळपासून त्या पुस्तकांच्या मागे लागल्या होत्या. "तुमचा खोकला या धुळीचाच हाय," असं म्हणून त्यांनी कपाट रिकामं केलं आणि एकेक जाड पुस्तक गच्चीवर उन्हात नेलं. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. पुस्तक बोटांत धरवेना, म्हणून दोन्ही मनगटांत दाबून नेलं. हणमंतराव प्रत्येक खेपेला मागे. शब्दकोश झटकला तेव्हा पत्र पडलं. त्याच्यासोबत अकरा कागदही पडले.

"हे काय हाय?" त्यांनी वरून विचारलं.

हणमंतराव जिन्याच्या बाराव्या पायरीवर कठडा धरून उभे होते. "सांगतो," ते म्हणाले आणि खोकू लागले.

गेल्या वर्षी आदिलाबादेत सांधेदुखीचं शिबिर झालं होतं. हैदराबादचे डॉक्टर आले होते. अभ्यासासाठी रक्त घेतलं, फॉर्म भरून घेतला. फोन नंबराच्या रकान्यात हणमंतरावांनी रेघ ओढली. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ अडायची. मग दोघंही कोपर दुमडून, कापूस दाबून ऑटोतून घरी आले होते.

पत्र त्या डॉक्टरांचं होतं, इंग्रजीत. नमुना ४१-बी मध्ये संधिवाताच्या प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटीबॉडींचं प्रमाण फार जास्त आहे. ही प्रतिपिंडं कधी कधी फुफ्फुसाच्या आजाराचीही खूण असतात. कोरडा खोकला किंवा जिना चढताना धाप लागत असेल तर छातीचा स्कॅन लवकर करायला हवा. कधी येता ते कळवा.

पाकिटावर हणमंतरावांचं नाव होतं. त्यात त्यांना नवल वाटलं नाही. बायकोचं सगळंच त्यांच्या नावे यायचं. गॅसचं पुस्तक, विम्याचा कागद, चष्म्याची चिठ्ठीसुद्धा.

तो दिवस त्यांनी शब्दकोश उघडून काढला. मग वाचनालयातून तीन पुस्तकं आणली, वहीभर टिपणं काढली आणि उत्तर लिहायला बसले. पहिल्या मसुद्याची भाषा त्यांना उद्धट वाटली. चौथ्याची लाचार वाटली. सातव्याच्या वेळी प्रश्न पडला की बायकोला न सांगता तारीख कशी द्यायची, आणि सांगायचं तर कोणत्या शब्दांत. अकराही मसुदे वेगवेगळे होते. शेवटची ओळ मात्र सगळ्यांत तीच होती: 'रुग्ण माझी पत्नी आहे, सोबत मी येईन.'

एकही पोस्टात पडला नाही.

"म्हणून फोडणी टाकली की खिडक्या उघडता!" सगळं ऐकून विनोदिनीबाईंचा आवाज चढला. "म्हणून भाजीची पिशवी हिसकावता! चार महिने झाले, मी जिना चढून राह्यली की हे मागून माझा श्वास मोजून राह्यले. मले वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं!"

"तुला घाबरवायचं नव्हतं."

"म्हणून एकट्यानंच घाबरत बसले? अकरा कागद! त्यातला एक टाकता नाही आला?"

"चुकीचं गेलं असतं तर?"

"अन् मी गेली असती तर? तेव्हा बरोबर लिवलं असतं का तुमी?"

विनोदिनीबाईंनी पत्र उलटं केलं. मागे तोच मजकूर तेलुगूत होता. त्या उटनूरच्या तेलुगू शाळेत शिकलेल्या. ओठ हलवत वाचू लागल्या. मध्येच थांबल्या. पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या.

मग जिना उतरल्या. हणमंतरावांच्या अंगाला अंग घासून खाली गेल्या, कपाटातून आपली दवाखान्याची फाइल काढली आणि पुन्हा वर आल्या. हणमंतराव अजून बाराव्या पायरीवरच होते.

फाइलवर शिबिरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. तीनशे पानांची पुस्तकं समासासकट वाचणाऱ्या हणमंतरावांनी ती कधी वाचली नव्हती. ४१-ए.

"सांधे दुखतात त्याचा ए," विनोदिनीबाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. "घरातलं एक चांगलं माणूस तुलनेला पाहिजे म्हणाले, त्याचा बी. तुमाले नाही म्हणायची लाज वाटली अन् तुमी बाही वर केली. आठवते का?"

हणमंतरावांनी होकारार्थी मान डोलावली.

"मग खोकला कोणाले हाय?"

त्यांनी वर पाहिलं. सकाळपासून ती कितीदा तरी चढली-उतरली होती. मोजणारे तेच होते. तिला एकदाही धाप लागली नव्हती. प्रत्येक खेपेला बाराव्या पायरीवर कोणी तरी थांबत होतं, ते त्यांनी मोजलं नव्हतं.

"काऊन, दम लागला?"

"बसतो जरा," ते म्हणाले आणि पायरीवर बसले.

पत्रावरच्या नंबरवर फोन विनोदिनीबाईंनीच केला, तेलुगूतून, चार वाक्यांत. सोमवार ठरला. वळून पाहतात तो हणमंतराव गुडघ्यावर पोस्टकार्ड ठेवून पेनाचं टोपण काढत होते.

"आता कशाला? बोलली ना मी!"

"आलेल्या पत्राला उत्तर द्यायला हवं." त्यांनी पेन कार्डावर टेकवलं. "आदरणीय लिहू की माननीय?"

"देवा रे! तारीख लिवा अन् चला!"

पोस्टाच्या पेटीपर्यंत ते दोनदा थांबले. दोन्ही वेळा ती पुढे जाऊन परत आली. पेटीशी त्यांनी कार्ड पुन्हा वाचायला डोळ्यांसमोर धरलं, तेव्हा तिनं आपल्या वाकड्या बोटांनी त्यांचा हात धरून तसाच फटीत लोटला. कार्ड आत पडलं. त्यावर एवढंच होतं: 'सोमवारी येतो. रुग्ण मी आहे. सोबत माझी पत्नी येईल.'